चहा एक तास उशिरा प्या

वस्तीत रक्ततपासणीचे शिबिर लागले की आम्ही प्रत्येकीला आधी एकच प्रश्न विचारतो, "सकाळपासून काय खाल्लं?" बहुतेक जणी सांगतात, "काही नाही, चहा घेतला." तेव्हा घड्याळात अकरा वाजलेले असतात. पहाटे पाचला उठून पाणी भरून, डबे करून, दोन घरची धुणीभांडी उरकून बाई रांगेत उभी असते. तोवर तिच्या पोटात तीन चहा गेलेले असतात.

अशीच एक ताई शिबिरात आली होती. वय बत्तीस, हिमोग्लोबीन ८.२. आम्ही तिला लोहाच्या गोळ्या दिल्या. तीन महिन्यांनी पुन्हा तपासले तर ८.४. आम्हाला वाटले, हिने गोळ्या खाल्ल्याच नाहीत. मळमळते, शौचाला काळी होते म्हणून कितीतरी जणी गोळ्या डब्यात तशाच ठेवतात. आम्ही जरा रागावूनच बोललो. ती म्हणाली, "ताई, एक दिवस चुकवला नाही. चहासोबत घेते, म्हणजे मळमळत नाही."

चूक तिची नव्हती. गोळी रोज घे एवढेच आम्ही सांगितले होते, कशासोबत घेऊ नये हे सांगितलेच नव्हते.

चहाच्या पत्तीत टॅनिनसारखी तुरट द्रव्ये असतात. डाळ, भाजी, भाकरी यांतले लोह ती पोटातच धरून ठेवतात आणि रक्तात जाऊ देत नाहीत. जेवणासोबत किंवा जेवणावर लगेच चहा घेतला, तर त्या जेवणातले जेवढे लोह अंगी लागायचे ते निम्म्याहूनही कमी होऊ शकते. गोळीतल्या लोहाचेही तसेच. मटण, कलेजी, मासळी यांतले लोह वेगळ्या प्रकारचे असते, त्याला चहाचा अडथळा फार होत नाही. पण आपल्या घरात ते रोज कुठे शिजते? रोजचे ताट डाळ-भाजीचेच असते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. म्हणजे पाण्याच्या नळावर दहाजणी उभ्या असल्या तर त्यातल्या पाचजणींना तरी हा त्रास आहे असे समजा. रक्त कमी म्हणून थकवा येतो, जिना चढताना धाप लागते. थकवा घालवायला बाई चहा घेते. तो जेवणाला लागून घेतला की लोह अडते, रक्त वाढत नाही, पुन्हा थकवा येतो आणि पुन्हा चहा उकळतो.

चहाने तरतरी येते ती कॅफिनमुळे. दिवसभर काम करताना मेंदूत अडेनोसीन नावाचे द्रव्य साठत जाते. आता थांब, जरा टेक, असे तेच आपल्याला सांगत असते. कॅफिन त्याची जागा अडवून बसते. थकवा जात नाही, फक्त कळायचा थांबतो. भूकही तशीच दबते. संध्याकाळी सहाला घेतलेल्या कपातले जवळजवळ निम्मे कॅफिन रात्री अकरालाही अंगात असते. मग झोप लागत नाही आणि सकाळी डोळे उघडायला पुन्हा चहाच लागतो.

तरीही चहा सोडा असे आम्ही म्हणणार नाही. ज्यांच्या घरी सकाळी दूध, फळे, अंडी असतात त्यांनी आपल्याला "चहा वाईट" म्हणून शिकवणे सोपे आहे. आपल्याकडे सकाळचा चहा हाच अनेकींचा नाश्ता असतो, आणि दिवसातली बसायला मिळालेली दहा मिनिटेही तीच असतात. शिवाय ही सवय काही आपल्या पणजीची नव्हे. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात चहावाल्यांच्या मंडळांनी कारखान्यांत, स्टेशनांवर, बाजारांत फुकट किंवा नाममात्र दरात चहा पाजून ती देशभर पसरवली. मजुराला भाकरीपेक्षा चहा स्वस्त पडला आणि तो राहिला. ज्या चहाच्या टपरीवर आपल्या माणसांसाठी वेगळी कपबशी ठेवली जायची, आणि काही घरांत कामवालीसाठी आजही ठेवली जाते, त्याच चहाने आपली भूक मारावी, हे मात्र आम्हाला खुपते.

तेव्हा पहिले काम, चहा जेवणापासून दूर करा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा सल्लाही हाच आहे : जेवणाआधी एक तास आणि जेवणानंतर एक तास चहा-कॉफी नको. सकाळी निघताना रात्रीची भाकरी, चटणी, असेल ती भाजी खाऊन निघा. चहा दुसऱ्या घरचे काम झाल्यावर घ्या. मालकिणीने आल्या आल्या चहा पुढे केला तर "काम झाल्यावर घेते, ताई" असे सांगता येते. काहीजणी रुसतात, पण सवय होते. डाळीवर लिंबू पिळा. मेथी, लाल माठ यांच्यासोबत पेरू, आवळा, टोमॅटो, जे स्वस्त मिळेल ते खा, त्याने लोह अंगी लागायला मदत होते. लोहाची गोळी साध्या पाण्यासोबत किंवा लिंबूपाण्यासोबत घ्या. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर थोड्या वेळाने घेऊन झोपा. कॅल्शियमची गोळी तिच्यासोबत घेऊ नका, दुसऱ्या वेळी घ्या. गुळाच्या चहाने रक्त वाढते अशी समजूत आहे. गूळ घातला तरी पत्ती तीच आणि तिच्यातली तुरट द्रव्येही तीच.

दुसरे काम कप कमी करण्याचे. पोषण संस्थेच्या हिशेबाने १५० मिलिलिटर चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असते आणि दिवसभरात ३०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. आपला कप लहान, पण पत्ती उकळून उकळून काढलेली. सात-आठ कप झाले की ही मर्यादा सहज जवळ येते. प्रत्येक कपात दोन चमचे साखर धरली तर तिचा हिशेब ज्याने त्याने करावा, विशेषतः घरात मधुमेह असेल तर.

एकदम बंद करू नका. हे आम्ही अनुभवाने सांगतो. वॉर्डात रात्रपाळी करायचो तेव्हा एका रात्रीत सहा-सहा कप व्हायचे. एकदा मनाशी ठरवून आम्ही चहा पूर्ण तोडला. दुसऱ्या दिवशी दुपारी डोके असे ठणकले की बीपी तपासून घेतला. बीपी ठीक होता. तिसऱ्या दिवशी घरात सगळ्यांवर ओरडलो. चौथ्या दिवशी मुलीनेच चहा करून हातात दिला, आणि तासाभरात डोके उतरले. नर्सिंगचा डिप्लोमा असून हे आपल्याला कळू नये, याची लाज वाटली. शरीराला रोजच्या कॅफिनची सवय झालेली असते. ते तुटले की १२ ते २४ तासांत डोकेदुखी, सुस्ती, चिडचिड सुरू होते, दुसऱ्या दिवसाच्या आसपास ती सर्वात जास्त असते आणि साधारण आठवडाभरात जाते.

म्हणून आधी तीन दिवस कप मोजा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दर कपाला एक रेघ ओढा. मग चार-चार दिवसांनी एक कप कमी करा. सुरुवात संध्याकाळच्या शेवटच्या कपापासून करा, कारण झोप तोच खातो. पत्ती थोडी कमी घाला, उकळी कमी द्या. त्या वेळेला हातात काहीतरी हवेच असते, तर ताक, लिंबूपाणी, नाचणीची आंबील, भाताची पेज घ्या.

या दिवसांत डोके दुखले म्हणून दुकानातून सुटी गोळी आणू नका. डोकेदुखीच्या काही गोळ्यांत कॅफिन मिसळलेलेच असते. गोळीने बरे वाटते, उतरली की पुन्हा दुखते, आणि चहाची सवय सुटण्याऐवजी गोळीची लागते. पाकिटावर काय काय लिहिले आहे ते शिकलेल्या मुलाकडून वाचून घ्या. डोकेदुखी आठवड्यानंतरही राहिली, डोळ्यांपुढे अंधारी आली, हातापायातले बळ गेले किंवा छातीत धडधड थांबेना, तर तो चहाचा प्रश्न समजू नका, दवाखाना गाठा.

गरोदर बाईच्या अंगातून कॅफिन फार सावकाश बाहेर पडते आणि बाळापर्यंतही पोचते. तिने एक-दोन लहान कपांवर थांबावे. तान्ह्या बाळाच्या तोंडात चहात बुडवलेले बिस्किट देऊ नका. ते शांत होते ते पोट भरले म्हणून नव्हे. आणि आपली पोरे टपरीवर ताकदीचे म्हणून जे रंगीत थंड पेय पितात, त्याच्या बाटलीवर बारीक अक्षरात छापलेले असते की ते लहान मुलांसाठी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांसाठी नाही. ती अक्षरे पोरांनाच वाचायला लावा.

त्या ताईचे काय झाले? गोळ्या त्याच दिल्या, फक्त रात्री पाण्यासोबत. जंताची गोळी दिली, पाळीत जास्त जात होते त्यावरही उपचार केले. त्यामुळे सगळे श्रेय चहा हलवल्याला देणार नाही. तीन महिन्यांनी हिमोग्लोबीन १०.६ आले. अजून १२ गाठायचे आहेत, गोळ्या चालू आहेत.

आमच्या विहारात पौर्णिमेच्या भोजनानंतर पंगत उठायच्या आत चहाची किटली फिरायची. आता महिला मंडळाने ठरवले आहे की भांडी घासून, सतरंज्या घडी करून झाल्यावर चहा चढवायचा, तोवर तासभर जातोच. पहिल्या पौर्णिमेला दोन काका रुसून टपरीवर गेले. दुसऱ्या पौर्णिमेला तेच सतरंज्या झटकायला आले. चहा लवकर मिळावा म्हणून.