स्फोटाला हवा लागतेच असे नाही



पेटत्या दिव्यावर भांडे पालथे घातले की दिवा विझतो, हे आपण लहानपणापासून पाहतो. त्यावरून पुष्कळांचा समज होतो की, हवा नाही तिथे आग नाही, आणि आग नाही तिथे स्फोट नाही. यातले पहिले अर्धेच खरे आणि दुसरे साफ चूक. ही चूक जिवावर बेतू शकते, म्हणून हा पाठ.

स्फोट म्हणजे काय? कोंडलेला वायू किंवा वाफ क्षणात फैलावते आणि आड येईल ते फोडते. हा दाब तीन तऱ्हांनी तयार होतो.

पहिली तऱ्हा हवेतल्या प्राणवायूची. साखरेची बारीक धूळ हवेत उडाली आणि ठिणगी पडली, तर ती धूळ एकदम पेटते. अमेरिकेत पोर्ट वेंटवर्थ येथील साखर कारखान्यात ७ फेब्रुवारी २००८ रोजी असाच स्फोट होऊन १४ कामगार दगावले. हवा नसती, तर हा स्फोट झाला नसता.

दुसरी तऱ्हा विहिरीवरच्या सुरुंगाची. खडकात भोक पाडून दारू भरतात, वर माती ठासतात. आत हवा कुठली? तरीही कातळ फुटतोच ना! काळ्या दारूत साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक असतो. लागणारा प्राणवायू त्या सोऱ्यातच असतो. म्हणजे शिदोरी बरोबरच. अवकाशात हवा नाही, तरी रॉकेट जळते ते याच कारणाने, त्याचा प्राणवायू त्याच्याजवळच असतो. एप्रिल १९७० मध्ये चंद्राकडे निघालेल्या अपोलो १३ यानातली प्राणवायूची टाकीच वाटेत फुटली. तिघे अंतराळवीर मोठ्या शर्थीने सुखरूप परतले.

तिसऱ्या तऱ्हेत पेटण्याचा संबंधच नाही. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १६०० पट जागा मागते. जागा मिळाली नाही, तर भांडे फुटते. स्वयंपाकघरातला कुकर काय किंवा कारखान्याचा बॉयलर काय, नियम एकच. आपल्या परळी तालुक्यात पांगरी येथील वैद्यनाथ कारखान्यात ८ डिसेंबर २०१७ रोजी गरम रसाची टाकी फुटून कामगारांचे प्राण गेले, हे आपण विसरलेलो नाही. उसाचा रस काही दारू नव्हे. पण कोंडलेल्या दाबाला काडी लावावी लागत नाही.

आकाशातले तारेही असेच फुटतात. इ. स. १०५४ मध्ये वृषभ राशीत एक तारा फुटला, तो कित्येक दिवस भर दिवसाही दिसत होता. तिथे प्राणवायूने काही जळाले नव्हते. पोटातले इंधन संपलेला तारा स्वतःच्याच भाराने कोसळला आणि त्यातून तो स्फोट झाला. मध्ये हवा नसल्याने त्याचा आवाज मात्र कुठे पोचला नाही.

तेव्हा एवढे ध्यानात ठेवावे: बंद जागा म्हणजे सुरक्षित जागा नव्हे. न उडालेल्या सुरुंगाला ‘आत हवा नाही, आता काय होतंय’ म्हणून पहार लावू नये. परवानाधारक माणसालाच बोलवावे. कुकरची वा बॉयलरची वाफ सोडणारी झडप कधीही बांधू नये, बुजू देऊ नये. वाफेला वाट ठेवली, तर ती आपले काम करते; अडवली, तर आपली वाट लावते.