परसातील लाल कोंबडी : ऱ्होड आयलंड रेड

अंडी व मांस हे दोन्ही हेतू साधणारी कोंबडी म्हणून ऱ्होड आयलंड रेड ही जात सुपरिचित आहे. अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यात, लिटल कॉम्प्टन परिसरातील शेतकऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात ती घडविली. जहाजांतून आलेले मलायी जातीचे लाल कोंबडे त्यांनी आपल्या परसातील कोंबड्यांत सोडले आणि पुढे निवड करीत गेले. १९०४ साली तिला अधिकृत जातीचा दर्जा मिळाला. १९२५ साली तर ॲडम्सव्हिल येथे तिचे स्मारक उभारण्यात आले. असा मान फारच थोड्या कोंबड्यांच्या वाट्याला आला असेल!

गडद तांबूस पिसारा, काळी शेपटी आणि तपकिरी अंडी ही तिची ओळख होय. पूर्ण वाढीची मादी सुमारे तीन किलो व नर सुमारे चार किलो भरतो. उत्तम व्यवस्थापनात ती वर्षाला दोनशेहून अधिक अंडी देते. गावठी कोंबडी साठ-सत्तरांवर थांबते. याच कारणाने महाराष्ट्रात शासकीय केंद्रांमार्फत या जातीच्या पक्ष्यांचे वाटप करून गावठी कोंबड्यांची सुधारणा करण्यात आली.

लहान शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र तिचे मोल अंड्यांच्या आकड्यापुरते नाही. संकरित व्यापारी पक्ष्यांची पुढची पिढी मूळ गुण टिकवीत नाही, त्यामुळे दर खेपेस पिल्ले विकत आणावी लागतात. ऱ्होड आयलंड रेड ही शुद्ध जात असल्याने पिल्ले घरच्या घरी तयार होऊ शकतात. अडचण एकच : ही कोंबडी सहसा खुडूक बसत नाही. म्हणून तिची ताजी, फलित अंडी खुडूक गावठी कोंबडीखाली ठेवावीत. अंडी मोठी असल्याने आठ-दहाच बसवावीत. एकविसाव्या दिवशी पिल्ले बाहेर येतात. दहा माद्यांमागे एक नर पुरेसा होतो व तो अधूनमधून बाहेरून आणून बदलावा. मानमोडीची (राणीखेत) लस वेळेवर टोचून घेणे अत्यावश्यक आहे, कारण एकाच साथीत संपूर्ण खुराडे रिकामे होते.

सुधारणेच्या उत्साहात गावातील सर्वच गावठी कोंबड्या संकरित करण्याचा मोह ग्रामपंचायतींनी टाळावा. तसे झाल्यास खुडूक बसणारी आई गावात उरत नाही आणि पिल्लांसाठी पुन्हा उबवणी केंद्राच्या दारात उभे राहावे लागते. प्रत्येक वस्तीत काही घरांनी निव्वळ गावठी माद्या राखून ठेवाव्यात.