तोंडी नकार, लेखी उत्तर

विशेष गरजा असलेल्या मुलाला माध्यमिक शाळा प्रवेश नाकारते तेव्हा 'नाही' असं सहसा कोणी म्हणत नाही. 'आमच्याकडे विशेष शिक्षक नाहीत', 'वर्गात साठ मुलं, याच्याकडे बघणार कोण', 'त्याच्याच भल्याचं सांगतो, बाहेरून परीक्षेला बसवायचा सतरा नंबरचा फॉर्म भरा', असं गोड बोलून पालकांना वाटेला लावलं जातं. पालक दुसरी शाळा शोधतात आणि नकाराचा कागद कुठेच उरत नाही. मूल त्याच शाळेत आधीपासून शिकत असेल, तर दाखल्यावर 'पालकांच्या विनंतीवरून' एवढंच कारण लागतं, कारण तसा अर्ज पालकांनीच सही करून दिलेला असतो. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच, की शाळेने सुचवलं म्हणून असा अर्ज कधीही लिहून देऊ नका.

हे आठवी-नववीच्या सांध्यावर जास्त घडतं, याला कारण आहे. 2009चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांपुरता आहे. मुलाला शाळेतून काढण्याची त्यातली मनाई आठवीपर्यंतच चालते, आणि नववीत शाळेला दहावीचा निकाल दिसू लागतो. (शंभर टक्के निकालाचे फलक कोणत्या मुलांना वगळून उभे राहतात, हे कुणी मोजत नाही.) त्यातच अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठी केंद्राच्या 2018च्या सूचनांनी फेरतपासणीचा टप्पा ठेवला तोही चौदाव्या वर्षाचा. म्हणजे एका कायद्याचं छत्र संपतं त्याच सुमाराला हातातला कागदही जुना होतो. मात्र बऱ्याच पालकांचा समज होतो तसा इथे हक्क संपत नाही. 2016च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाचं सोळावं कलम सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांमध्ये भेदभावाविना प्रवेशाची अपेक्षा ठेवतं, म्हणजे विनाअनुदानित खासगी शाळाही त्यात आल्या. चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला अठराव्या वर्षापर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क एकतिसावं कलम देतं. लेखनिक, जादा वेळ, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख सतराव्या कलमात आहे.

शाळेकडे साधनं नाहीत, हा आक्षेप खोटा नाही. प्राथमिकला दहा आणि पुढे पंधरा विशेष विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक हवा, असं प्रमाण सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2021मध्ये ठरवून दिलं, याचा अर्थच शिक्षक पुरेसे नव्हते. पण या कमतरतेबद्दल दाद सरकारकडे मागायची असते, तिची किंमत मुलाने का मोजावी? शिवाय अध्ययन अक्षमता असलेल्या कित्येक मुलांना नववीत हवा असतो जादा वेळ, लेखनिक किंवा प्रश्न वाचून दाखवणारं कुणीतरी. त्याला फारसा खर्च येत नाही. कायदा दाखवला तर शाळा मुलावर राग काढेल, ही भीती मला अधिक वजनदार वाटते. म्हणूनच धमकी नको, नम्र पत्र हवं. 'निदान सांगूच नका' हा नातेवाइकांचा सल्ला मात्र मला सपशेल अमान्य आहे. सवलतींचा प्रस्ताव शाळेमार्फतच परीक्षा मंडळाकडे जातो. नववीत लपवलेलं दहावीत ऐनवेळी कसं मांडणार? मुक्त विद्यालय किंवा विशेष शाळा काही मुलांना खरोखर मानवते, पण तो निर्णय मुलाकडे बघून घ्यावा, निकालाच्या टक्क्यांकडे बघून नव्हे.

तयारी सातवीतच सुरू करावी. प्रमाणपत्राची मुदत तपासा आणि फेरतपासणीची तारीख आधीच घेऊन ठेवा, सरकारी रुग्णालयात ती लगेच मिळेल असं धरून चालू नका. प्रवेशाच्या अर्जातच विचारा, की घटक चाचणीपासून कोणत्या सवलती मिळतील, लेखनिक कोण आणणार आणि मंडळाकडचा प्रस्ताव कोण पाठवणार. मुख्याध्यापक तोंडी काही म्हणाले, तर त्याच दिवशी 'आज आपण असं सांगितलंत' असं पत्र द्या. उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर जिल्हा परिषदेतल्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे जा, मुंबईत शिक्षण निरीक्षकांकडे. तिथेही काम झालं नाही, तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयात तक्रार करता येते. प्रत्येक पत्राच्या दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक पडल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.