वेखंडाचे किती वेढे?

तंजावरच्या कुठल्याही नाट्टुमरुंदु कडैत, म्हणजे काष्ठौषधींच्या दुकानात, बाळासाठी वेखंड हमखास मिळतं. तमिळ शेजारणी त्याला 'वसंबु' म्हणतात, नाहीतर 'पिळ्ळै वळर्प्पान' – पोर वाढवणारा!

आमच्या मराठी घरातही तेच. लेकाला जुलाब लागले तेव्हा सासूबाईंनी वेखंड समईवर काळं केलं, सहाणेवर उगाळून बोटभर चाटवलं. दुपारी तो किरकिरला, म्हणून मीही दोन वेढे दिले. संध्याकाळी डॉक्टरांनी विचारलं, "किती दिलंत?" आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो.

खरं सांगू? ते चाटण बाळापेक्षा माझ्यासाठीच होतं. पोर रडतंय आणि आपण नुसतं बघतोय, हे सोसवत नाही. रात्रीची झोप नाही, सकाळी ऑफिस. मग हाताला लागेल ते आपण देतो. आपलं सगळ्यांचंच असं होतं.

पण बाळाला बिचाऱ्याला तहान लागलेली असते, आणि ती सांगता येत नाही. जुलाबात आधी पाणी भरून काढायचं. सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर अंगावरचं दूध पुन्हापुन्हा पाजा, आणि ओआरएस व झिंक किती, ते डॉक्टरांना विचारा. घरगुती उपाय दुसरीकडेही आहेत: भूमध्य समुद्राकाठी जुलाबावर कॅरोबच्या शेंगांची पूड देतात. तान्ह्यांवर तिची चाचणी झाली, तीही ओआरएसच्या जोडीनंच.

वेखंडात बीटा-असारोन नावाचं द्रव्य असतं. त्याच्या धास्तीनं अमेरिकेनं 1968 मध्ये खाद्यपदार्थांत वेखंड वापरायला बंदी घातली. म्हणून तान्ह्याला ते पोटात न दिलेलंच बरं. मध चाटवायची सवय असेल तर तोही वर्षाच्या आत नको. सासूबाईंना मी हे हळूच सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग दृष्टीसाठी मनगटात बांधू?" म्हटलं, बांधा, फक्त तोंडात जाणार नाही असं बघू.

आपल्याच गावात, तंजावरात, मराठे राजे दुसरे सरफोजी यांनी धन्वंतरी महाल उभारला. देशी औषधं आणि युरोपीय वैद्यक तिथे शेजारी नांदलं. राजांच्या काळच्या नेत्ररुग्णांच्या नोंदी अजून आहेत. दोनशे वर्षांपूर्वी ते लिहून ठेवत होते, आणि आम्हाला दुपारचं आठवेना!

आता कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे मी लिहिते: काय दिलं, किती, कधी; शू कितीदा झाली. डोळे खोल गेले, शू कमी झाली, शौचात रक्त दिसलं किंवा बाळ मलूल पडलं, तर घरगुती उपाय करत न बसता दवाखाना गाठा.

आणि तो कागद न लाजता डॉक्टरांपुढे ठेवा.