दर फुटाचा, पण तार किती जाड?

प्रश्न : वाशीच्या एपीएमसी मार्केटजवळ आमचं रो-हाउस आहे. मागच्या बाजूला जाळीचं कुंपण घालायचंय. दोन ठेकेदारांच्या दरांत बरीच तफावत आहे. कोणाला काम द्यावं?

उत्तर : दोघांनाही आधी विचारा, तार किती गेजची? इथेच बहुतेक जण फसतात. गेजचा आकडा वाढतो तशी तार बारीक होते. १० गेजची तार साधारण सव्वातीन मिलिमीटर, १२ गेजची जेमतेम २.६. हिरव्या प्लास्टिकचं आवरण असेल तर जाडी आवरणासकट सांगितली जाते. म्हणून नमुन्याचा तुकडा मागा, टोकाचं प्लास्टिक ब्लेडने सोला आणि आतली तार व्हर्नियरने मोजा. स्वस्त दराचं कारण बहुधा तिथेच सापडेल.

वाशीची खाडी जवळ, हवा खारट. त्यामुळे खांब नुसते रंगवलेले नकोत, गॅल्व्हनाइज्डच घ्या. वेल्डिंगच्या जागी जस्त जळतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. त्या सांध्यांवर झिंकचा रंग लावायचा, हे कोटेशनमध्ये लिहून घ्या. खड्डे दोन फूट खोल हवेत आणि ते स्वतः मोजा. भरावाच्या जमिनीत उथळ खांब पहिल्याच पावसात कलतो. कोपऱ्यातल्या खांबांना तिरपे टेकू हवेतच. काँक्रीट आठवडाभर मुरल्याशिवाय जाळी ताणू देऊ नका.

प्लॉट सिडकोचा असेल तर हद्द भाडेपट्ट्याच्या नकाशावरून आखा आणि शेजाऱ्यांना उभं करूनच दोरी धरा. महापालिकेच्या नगररचना विभागात परवानगीची चौकशी करा. आगाऊ रक्कम मालापुरतीच द्या. शेवटचा हप्ता गेट नीट लागल्यावर.