लॉनमधला सराटा



या वेळचा पाठ आपल्या पायाखालचा आहे. सॅक्रामेंटोच्या परिसरात उन्हाळा आला की मुलांच्या सायकली पंक्चर होऊ लागतात, कुत्री लंगडू लागतात आणि लॉनवर अनवाणी जायची सोय राहत नाही. ज्या काट्यामुळे हे होते त्याला इथे 'गोटहेड' म्हणतात, म्हणजे बोकडाचे डोके. तो काटा आजी-आजोबांना दाखवा. "अरे, हा तर सराटा!" असे ते लगेच म्हणतील. महाराष्ट्रात माळावर आणि शेताच्या बांधावर तो भरपूर असतो. गोखरू हे त्याचेच दुसरे नाव. आयुर्वेदातल्या दशमुळांपैकी एक मूळ गोखरूचे असते. (म्हणून लॉनमधले उपटून कोणी काढा करू नये!)

शास्त्रीय नाव ट्रिब्युलस टेरेस्ट्रिस. घोडदळाला अडवण्यासाठी रोमन लोक वाटेवर लोखंडी काटे पसरत. ते कसेही पडले तरी एक टोक वरच राही. त्या काट्याचे नाव ट्रिब्युलस, आणि त्यावरून या रोपाचे.

रोप ओळखायला सोपे आहे. मधल्या एका मुळापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या फांद्या जमिनीला चिकटून पसरतात. पाने हरभऱ्याच्या पानांची आठवण करून देणारी, फूल पिवळे, पाच पाकळ्यांचे. फळ वाळले की त्याचे पाच तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्यावर शिंगांसारखे दोन मोठे काटे असतात. आता महत्त्वाची गोष्ट: हा तुकडा नुसता काटा नाही, ती बियांची डबी आहे. एकेका डबीत साधारण दोन ते चार बिया. आपली चप्पल, सायकलचा टायर, कुत्र्याचा पंजा ही तिची फुकटची वाहने.

आता थोडे गणित. एक रोप एका हंगामात २०० ते ५,००० बिया तयार करू शकते. त्या सगळ्या एकाच वर्षी उगवत नाहीत, काही मातीत चार-पाच वर्षे पडून राहतात. उगवल्यापासून सुमारे तीन आठवड्यांत फूल येते आणि पुढच्या काही आठवड्यांत काटे पक्के होतात. म्हणजे खरी लढाई रोपाशी नसून वेळेशी आहे. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत दर दोन आठवड्यांनी एक फेरी मारली आणि पिवळे फूल दिसताच रोप काढले, तर नवीन बी पडतच नाही आणि मातीतला जुना साठा वर्षागणिक आटत जातो. मात्र एक उन्हाळा दुर्लक्ष केले की पुन्हा काट्याचा नायटा होतो.

काढताना फांदी ओढू नये, ती तुटून हातात येते. फांद्या गोळा करून मध्यभागी धरा आणि खुरप्याने सोटमूळ जमिनीखाली कापा. हातमोजे हवेतच. काटे धरलेले रोप कंपोस्टमध्ये टाकू नका, पिशवीत बांधून कचऱ्यात द्या. जमिनीवर गळलेले काटे वेचत बसण्यापेक्षा जुन्या गालिच्याचा तुकडा त्यावर दाबून फिरवावा, काटे त्याला टोचून वर येतात. हे काम मुलांना फार आवडते.

दुकानातल्या औषधांविषयी पालकांसाठी. हिवाळा सरताना टाकायची ओरायझॅलिन किंवा ट्रायफ्लुरालिनसारखी औषधे बी रुजू देत नाहीत. उगवलेल्या रोपावर त्यांचा उपयोग नाही. २,४-डी रुंद पानांचे तण मारते, पण रोप कोवळे असतानाच. ग्लायफोसेट लॉनवर मारू नये, त्याने गवतही मरते. लेबलवर आपल्या गवताचे नाव आहे का ते पाहावे, आणि फवारा वाळेपर्यंत मुलांना लांब ठेवावे. काटे पक्के झाल्यावर औषध मारले तर रोप मरते, बी जिवंतच राहते. माझ्या मते घरच्या लॉनला खुरपे पुरेसे आहे.

सराट्याला उघडी, टणक, उन्हातली जमीन आवडते. त्यामुळे तो आधी ड्राइव्हवेच्या कडेला आणि गवत विरळ असेल तिथे दिसेल. फेस्क्यू गवत तीन इंच उंच ठेवा, पाणी रोज शिंपडण्याऐवजी क्वचित पण खोलवर द्या. दाट गवतात सराट्याचा निभाव लागत नाही.

एक गंमत. सराट्याला आवर घालायला १९६१ साली अमेरिकेत दोन जातींचे सोंडकिडे सोडण्यात आले. हे किडे मुळात भारत, फ्रान्स आणि इटलीकडचे. एक बी पोखरतो, दुसरा खोड. कडक थंडीत ते फारसे टिकत नाहीत, म्हणून काम कमी करतात, संपवत नाहीत.

शब्दार्थ: बांध – शेताची मातीची कड. खुरपे – तण काढायचे लोखंडी हत्यार. आरा – चाकाच्या मध्यापासून कडेपर्यंतची काडी. सोटमूळ – सरळ खाली जाणारे मुख्य मूळ.

स्वाध्याय: (१) 'काट्याचा नायटा होणे' आणि 'काट्याने काटा काढणे' यांचे अर्थ घरी विचारून वाक्यात उपयोग करा. यातला कोणता वाक्प्रचार सोंडकिड्यांना लागू पडतो? (२) आपल्या ड्राइव्हवेच्या कडेची सराट्याची रोपे दर दोन आठवड्यांनी मोजा, काढा आणि आकडे मराठी अंकांत लिहा. तक्ता वर्गात आणा.