समुद्रतळावरील तारेचा मार्ग
(भूगोल व सामान्य विज्ञान : इयत्ता सातवी)

उद्देश : समुद्राचा तळ सपाट नसतो, म्हणून तळावर टाकावयाच्या तारेचा मार्ग आधी मोजणी करून ठरवावा लागतो, हे विद्यार्थ्यांस उमजावे.

पाठ : १८५७ च्या उठावाची वार्ता इंग्लंडात पोहोचण्यास कित्येक आठवडे लागले. हिंदुस्थान तारेने जोडण्याची निकड ब्रिटिश सरकारास भासली. १८५९-६० मध्ये सुवेझपासून तांबड्या समुद्रातून एडनमार्गे कराचीपर्यंत तार टाकण्यात आली. परंतु तळाची पाहणी पुरेशी झालेली नव्हती. ताणून टाकलेली तार दोन प्रवाळखडकांच्या मध्ये अधांतरी राहिली. तिच्यावर शिंपले वाढले व त्या भाराने ती तुटत गेली. अल्पकाळातच ती निकामी झाली. सरकारने हमी दिलेली असल्यामुळे तार बंद पडूनही अनेक वर्षे पैसे मात्र भरावे लागले.

पुढे फेब्रुवारी १८७० मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ या प्रचंड जहाजाने मुंबईहून एडनकडे तार टाकण्यास आरंभ केला. त्याच वर्षी जूनमध्ये मुंबई व लंडन ही शहरे समुद्री तारेने जोडली गेली. तळाच्या चढउतारांवर तार नीट बसावी, म्हणून अंतरापेक्षा अधिक लांबीची तार सैल सोडावी लागते.

पूर्वी शिशाचे वजन बांधलेली दोरी सोडून खोली मोजीत. वजनाच्या बुडाशी चरबी भरलेली असे. तिला चिकटून आलेल्या वाळू-चिखलावरून तळाची जात कळे. आता जहाजावरून ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी टिपतात. समुद्रजलात ध्वनी सेकंदास सुमारे १,५०० मीटर जातो. प्रतिध्वनी २ सेकंदांनी परतला, तर खोली १,५०० मीटर होय.

नकाशावर सरळ रेघ ओढली म्हणजे मार्ग ठरला, असे नव्हे. खडक, तीव्र उतार, जहाजांच्या नांगराच्या जागा व मासेमारीची क्षेत्रे शक्य तितकी टाळावी लागतात. तारा बहुधा नांगर व जाळी यांमुळेच तुटतात. म्हणून उथळ समुद्रात त्या तळाखाली पुरतात. आजच्या तारांत काचेचे तंतू असून त्यांतून प्रकाशाच्या रूपाने संदेश जातात. मार्ग निवडण्याचे तत्त्व मात्र तेच आहे.

उपक्रम : शिक्षकांनी पाण्याच्या टपात दगड व वाळू ठेवून पाणी गढूळ करावे. विद्यार्थ्यांनी वजन बांधलेल्या दोऱ्याने दर १० सेंटिमीटरवर खोली मोजून तळाचा आलेख काढावा. त्यावरून दोऱ्याचा मार्ग ठरवावा. नंतर पाणी काढून टाकावे आणि आलेख तळाशी ताडून पाहावा.

प्रश्न :
१. प्रतिध्वनी ३ सेकंदांनी आला, तर खोली किती?
२. रत्नागिरीस तार किनाऱ्यावर आणावयाची आहे. मिरकरवाड्याजवळ मचव्यांची वर्दळ, रत्नदुर्गाखाली कातळ, भाट्ये येथे वाळू असली तरी जवळच खाडीचे मुख. कोणती जागा निवडाल? निवडण्यापूर्वी कशाकशाची मोजणी कराल? कारणे द्या.